इथली शांतता तिथे का नसते?
वाचकांचे प्रश्न आणि ध्वनितज्ज्ञांची उत्तरं

शांततेविषयी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच होता : दोन्ही जागा शांत, तरी एक हवीहवीशी वाटते आणि दुसरी खायला उठते, असं का? म्हणून सुरुवात तिथूनच केली आहे.

प्रश्न : रात्री मोकळ्या माळावर किंवा डोंगरावर जी शांतता असते ती सैल, मोकळी वाटते. घरी दारं-खिडक्या लावून, सगळं बंद करून बसलं तरी तसं होत नाही. उलट कोंडल्यासारखं वाटतं. आवाज तर दोन्हीकडे नसतो. मग फरक कशाचा?

उत्तर : आवाज दोन्हीकडे असतो आणि फरक त्याचाच आहे. कुठल्याही जागेची शांतता तीन गोष्टींनी घडते. एक, मागे सतत चालू असलेला बारीक आवाज किती आणि कुठल्या पट्टीतला. दोन, आवाज भिंतींवर आपटून किती परत येतो आणि किती वेळाने विरतो. तीन, कानाला किती लांबचं ऐकू येतं. या तिसरीकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही, आणि तुम्हाला जाणवणारा मोकळेपणा मुख्यतः तिच्यामुळे आहे.

उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. उलट बाजूने पाहा : मागचा आवाज ६ डेसिबलने कमी झाला, तर एखाद्या कुत्र्याचं तेच भुंकणं दुप्पट लांबून ऐकू येतं आणि ज्या वर्तुळातलं तुम्हाला ऐकू येतं त्याचं क्षेत्रफळ चौपट होतं. मागचा आवाज २० डेसिबलने उतरला तर हिशेबाने अंतर १० पट आणि क्षेत्रफळ १०० पट. हवा आणि जमीन थोडा आवाज गिळतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा जरा कमी भरतो, पण कल येईल. वारा पडलेल्या रात्री माळावर लांबचा ओढा, पलीकडच्या रस्त्यावरची एखादी गाडी, पाखराची हाक असं सगळं सुटं सुटं कानावर येतं आणि जागा किती मोठी आहे हे मेंदूला त्यावरून कळतं.

बंद खोलीत मागचा आवाज तितकाच कमी असला, तरी ऐकण्याची हद्द भिंतीपाशी संपते. शिवाय तुमचाच श्वास, कपड्यांची सळसळ भिंतीवरून परत येते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे २ मीटरवरच्या भिंतीवरून परतायला त्याला जेमतेम १२ मिलिसेकंद लागतात. इतका झटपट आलेला आवाज वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही, पण भिंत जवळ आहे ही जाणीव होते. जिभेची टिचकी वाजवून वाट काढणाऱ्या अंध व्यक्ती याच खुणा वापरतात.

घरी करून पाहण्यासारखा उपाय सोपा आहे. सगळ्यांत कमी वर्दळीच्या बाजूची खिडकी दोन बोटं उघडा. मीटरवर आवाज वाढलेला दिसेल, पण कानाला बाहेरचं अंतर मिळेल. आकडा खाली आणण्यापेक्षा पुष्कळदा याचाच उपयोग जास्त होतो.

प्रश्न : रिकाम्या मोठ्या सभागृहात किंवा उंच घुमटाखाली शिरलं की आपण आपोआप हळू बोलायला लागतो. तिथली शांतता जड का वाटते?

उत्तर : कारण तिथे झालेला कुठलाही आवाज लवकर जात नाही. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ हे घुमण्याचं माप. सामानसुमान असलेल्या बैठकीच्या खोलीत तो साधारण अर्धा सेकंद असतो, दगडी किंवा काँक्रीटच्या मोठ्या वास्तूत कित्येक सेकंद. हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सेबाइन यांनी १८९५ साली या मापावर काम सुरू केलं तेव्हा त्यांच्यापुढच्या व्याख्यानगृहात आवाज साडेपाच सेकंद घुमत होता. पहिल्या शब्दाची शेपूट संपायच्या आत पुढचे दहा-पंधरा शब्द येऊन गेलेले असत. त्यांनी खुर्च्यांच्या गाद्या आणून एकेक वाढवत मोजणी केली आणि सूत्र बसवलं : खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि एकूण शोषणाने (प्रत्येक पृष्ठभागाचे चौरस मीटर गुणिले तो आवाजाचा किती वाटा गिळतो, यांच्या बेरजेने) भागा. घुमणं किती सेकंदांचं ते मिळतं.

या टोकाचं उदाहरण स्कॉटलंडमधल्या इंचिनडाउनच्या जमिनीखालच्या तेलटाकीचं. ध्वनितज्ज्ञ ट्रेव्हर कॉक्स यांनी तिथे पिस्तुलाचा कोरा बार काढून मोजलं, तेव्हा सेकंदाला १२५ कंपनांच्या, म्हणजे १२५ हर्ट्‌झच्या पट्टीत आवाज विरायला ११२ सेकंद लागले.

अशा जागेत खोकला, पावलाचा आवाज, किल्ल्यांची किणकिण यांतलं काहीही लपत नाही. एकदा केलेला आवाज मागे घेता येत नाही हे अंगाला लगेच कळतं आणि माणसं हालचाल आवरतात. तिथली शांतता बरीचशी माणसांनीच धरून ठेवलेली असते. सभागृह भरलं की ती बदलते, कारण कपडे घातलेलं माणूस हे आवाज शोषणारं फार चांगलं साहित्य आहे. म्हणूनच रिकाम्या सभागृहात जुळवलेली ध्वनिव्यवस्था कार्यक्रमाच्या वेळी कोरडी आणि दबलेली वाटते.

प्रश्न : बर्फ पडल्यावर सगळं एकदम चिडीचूप होतं. पण दोन दिवसांनी तोच बर्फ असताना आवाज उलट खणखणीत ऐकू येतात. आणि तळ्याकाठी रात्री पलीकडच्या तीरावरचं बोलणं शब्दन्‌शब्द ऐकू येतं. हे कसं?

उत्तर : ताज्या भुसभुशीत बर्फात नव्वद टक्क्यांहून अधिक हवाच असते. आवाज त्या पोकळ्यांत शिरतो आणि घर्षणाने तिथेच जिरतो. विशेषतः वरच्या पट्टीतले आवाज, म्हणजे पावलांची करकर, भांड्यांचा खणखणाट, स, श सारखी अक्षरं आधी जातात; त्यामुळे जवळचा माणूसही थोडा लांब उभा असल्यासारखा वाटतो. बर्फ वितळून पुन्हा गोठला की वर कडक साय धरते, पोकळ्यांची तोंडं बंद होतात आणि तोच पृष्ठभाग आवाज शोषायचं सोडून परतवू लागतो.

तळ्याची गोष्ट तापमानाची. हवा एका अंशाने तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. दिवसा जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड, म्हणून आवाज वर वाकतो आणि काहीशे मीटरवर बोलणं डोक्यावरून निघून जातं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उलट होतं : खालची हवा थंड, वरची उबदार. वर गेलेला आवाज वाकून खाली येतो, आणि गुळगुळीत पाणी त्याला फारसा न गिळता पुढे ढकलतं. वारा सुटला किंवा ढग आले की हा परिणाम पुसला जातो. रात्री तळ्याकाठी खासगी काही बोलायचं असेल तर पाण्याकडे पाठ करून भागत नाही, काठापासून झाडीत आत जायला हवं.

प्रश्न : मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये मध्यरात्री बेडरूममध्येही ३२ डेसिबल, कपाटात फोन ठेवला तरी ३१. अ‍ॅप बिघडलं आहे का?

उत्तर : बिघडलेलं नाही. फोनच्या मायक्रोफोनला स्वतःची एक बारीक खसखस असते आणि ती साधारण ३० डेसिबलच्या आसपास असते. त्याखालचा आवाज त्या खसखशीत बुडतो. तुमच्या दोन्ही आकड्यांचा अर्थ एवढाच की जागा ३२ किंवा त्याहून शांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात झोपेच्या खोलीसाठी सरासरी ३० डेसिबल आणि अधूनमधून होणाऱ्या आवाजांची कमाल ४५ ही मर्यादा दिली आहे. झोपमोड बहुतेक वेळा दुसऱ्या आकड्यामुळे होते, तेव्हा कमाल आकडा पाहा. तिथे फोनही बऱ्यापैकी कामाला येतो.

आणखी एक करा. अ‍ॅपमध्ये ‘ए’ आणि ‘सी’ अशा दोन मोजण्या असतील तर फोन त्याच जागी ठेवून पाच-पाच मिनिटं दोन्ही घ्या. ‘ए’ मोजणी खालच्या पट्टीतले आवाज कमी धरते, ‘सी’ जवळपास पुरते धरते. दोहोंत १५-२० डेसिबलचा फरक आला, तर जागा कागदावर शांत असूनही तिथे पंप, कॉम्प्रेसर किंवा ट्रान्सफॉर्मरची घरघर असण्याची शक्यता मोठी. आकडा कमी पण डोकं जड, अशी तक्रार अनेकदा तिथूनच येते. खात्रीसाठी मात्र तपासून घेतलेला खरा ध्वनिमापकच हवा.

प्रश्न : रस्त्याच्या आवाजाने झोप लागत नाही म्हणून बेडरूमच्या भिंतींना फोमचे तुकडे लावले, जाड पडदे घेतले. रस्ता जसाच्या तसा ऐकू येतो. वर खोलीतली शांतता विचित्र, कानात कापूस घातल्यासारखी वाटते. काय चुकलं?

उत्तर : आवाज शोषणं आणि आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. फोम खोलीतला घुमारा कमी करतो. बाहेरचा आवाज अडवायला वजन आणि हवाबंदपणा लागतो, आणि फोमकडे दोन्ही नाही. अंड्यांच्या ट्रेंचंही तेच.

खोली विचित्र का झाली तेही पाहू. शोषणाऱ्या थराची जाडी आवाजाच्या तरंगलांबीच्या चौथ्या भागाच्या आसपास असेल तर तो नीट काम करतो. १००० हर्ट्‌झला तो चौथा भाग साडेआठ सेंटिमीटर, १०० हर्ट्‌झला ८५ सेंटिमीटर. तुमच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या फोमने खोलीतला वरचा, उजळ भाग खाल्ला आणि ट्रकची घरघर तशीच ठेवली. पूर्वी वरच्या आवाजांत ती थोडी झाकली जायची, आता ती उघडी पडली. अर्धा फोम काढून टाका. पलंगाच्या डोक्यामागच्या भिंतीवर ठेवा, बाकी भिंती मोकळ्या करा. कानातला कापूस गेल्यासारखं वाटेल.

आता रस्ता. सुरुवात फटींपासून, कारण बाकी सगळा खर्च फटी वाया घालवतात. हिशेब असा : भिंत आणि खिडकी मिळून जो भाग आहे त्याच्या फक्त १ टक्का उघडा असला, तर बाकीचा भाग कितीही जाड असो, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. उघडा भाग ०.१ टक्का केला तर मर्यादा ३० वर जाते.

रात्री खोलीत अंधार करा आणि दुसऱ्या कोणाला बाहेरून खिडकीच्या कडेने टॉर्च फिरवायला सांगा. जिथे उजेड दिसेल तिथून आवाजही येतो. मग कागदाची पट्टी पल्ला आणि चौकट यांच्यात धरून खिडकी लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर तिथलं रबर बसलेलं नाही. सरकत्या खिडक्यांमध्ये दोन पल्ले एकमेकांवर येतात ती उभी रेघ आणि खालच्या रुळातली पाणी जाण्याची भोकं हे हमखास गळके भाग. उभ्या रेघेत ब्रशपट्टी असते, तिच्यातून हवा जाते आणि आवाजही. भोकं बुजवू नका, नाहीतर पावसाचं पाणी आत येईल. त्यासाठी आतून दुसरी खिडकी हाच उपाय. चौकट आणि भिंत यांच्यातली भेग न कडकणाऱ्या सीलंटने भरा. नुसत्या सिमेंटने भरलेली भेग वर्षभरात पुन्हा केसासारखी उघडते. दाराखालची फट विसरू नका.

त्यानंतर काच. एकच काच जाड करून फार मिळत नाही : वजन दुप्पट केल्यावर हिशेबाने ६ डेसिबल, प्रत्यक्षात पाचच्या आसपास. दोन काचांमधलं अंतर मात्र फार महत्त्वाचं. ४ मिलिमीटरच्या दोन काचा १२ मिलिमीटर अंतरावर असतील, तर काच-हवा-काच ही जोडी २४५ हर्ट्‌झच्या सुमारास स्वतःच थरथरते आणि तिथे एका काचेपेक्षाही कमी अडवते. उष्णतेसाठी बनवलेली बाजारी दुहेरी काच रस्त्याच्या घरघरीला कमी पडते ती यामुळे. त्याच काचा १० सेंटिमीटर अंतरावर बसवल्या की ती थरथर ८५ हर्ट्‌झच्या सुमारास खाली जाते आणि वाहतुकीचा बराच भाग तिच्यावर राहतो. म्हणून जुनी खिडकी ठेवून आतून हाताची ओंजळ मावेल एवढ्या अंतरावर दुसरी बसवा. दोन्ही काचा एका जाडीच्या घेऊ नका, एक ४ आणि एक ६ मिलिमीटरची घ्या. प्रत्येक काच तिच्या जाडीनुसार एका पट्टीत कच्ची असते : ४ ची ३००० हर्ट्‌झच्या आसपास, ६ ची २००० च्या. जाड्या वेगळ्या असल्या की एकीची कच्ची बाजू दुसरी सांभाळते. दोन काचांमधल्या पोकळीच्या कडेला फोमची पट्टी चिकटवा. तुमच्याकडचा फोम तिथे खरोखर उपयोगी पडेल.

खोली हवाबंद केलीत तर ताज्या हवेची वेगळी सोय लागेलच, शांत बाजूकडून. आणि त्या खोलीत गॅसवर किंवा कोळशावर चालणारं काही असेल, तर हे काम अजिबात करू नका.

प्रश्न (दोन पत्रं एकत्र) : पूर्ण शांततेत कानात बारीक ‘ई’ असा आवाज येतो, तो आजार आहे का? आणि जगातल्या सगळ्यांत शांत खोलीत माणूस पाऊण तासात वेडा होतो असं वाचलं, ते खरं का?

उत्तर : वेडा होत नाही. अशा अनुरणनहीन, म्हणजे आवाज जराही न घुमणाऱ्या खोल्यांत लाउडस्पीकर, मायक्रोफोन, फोन तपासणारी माणसं रोज काम करतात. भिंती, छत आणि जमिनीखालीही शोषक पाचरी असतात. साधारण १ मीटर लांबीच्या पाचरी ८५ हर्ट्‌झ आणि त्यावरच्या पट्टीतला आवाज गिळतात. चालायला तारांची ताणलेली जाळी असते. अमेरिकेत रेडमंडमधल्या मायक्रोसॉफ्टच्या खोलीत २०१५ साली उणे २० डेसिबलच्या सुमाराची पातळी मोजली गेली. उणे म्हणजे आवाजच नाही असं नव्हे. शून्य ही निरोगी तरुण कानाच्या उंबरठ्याची खूण आहे आणि मोजमाप तिच्याखालीही जातं. अस्वस्थ वाटतं ते मात्र खरं. परतीचा आवाज बंद झाल्याने जागेचा अंदाज जातो, काहींचा तोलही अंधारात डळमळतो, आणि श्वास, हृदयाचे ठोके, मान वळवताना सांध्यांची करकर पुढे येते.

कानातला ‘ई’ फार सामान्य आहे. १९५३ साली चांगली श्रवणशक्ती असलेल्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवून विचारलं, तेव्हा ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू येत असल्याचं सांगितलं. बाहेरून काही मिळेना की श्रवणयंत्रणा स्वतःची संवेदनशीलता वाढवते आणि तिची स्वतःची धुसफूस ऐकू येऊ लागते. झोपताना त्रास होत असेल तर इअरप्लग घालू नका, त्याने तो आवाज वाढतो. पंख्याचा किंवा पावसाचा हळू आवाज लावा, कानातल्या आवाजापेक्षा किंचित खाली. पूर्ण झाकला तर मेंदूला त्याची सवय होत नाही. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, किंवा सोबत चक्कर असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर त्याच दिवशी जा, कारण त्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगी पडतात.

प्रश्न : लघुपटातल्या शांत प्रसंगात आवाजाचा ट्रॅक पूर्ण रिकामा ठेवला, तर पाहणाऱ्यांना स्पीकर बंद पडल्यासारखं वाटलं. पडद्यावर शांतता कशी आणायची?

उत्तर : तिथलीच शांतता रेकॉर्ड करून. चित्रीकरणाच्या भाषेत रूम टोन. शेवटचा टेक झाल्यावर कोणालाही हलू न देता, तोच माइक, तीच जागा, तोच गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ती पातळी) ठेवून सलग ६० सेकंद घ्या. माणसं बाहेर गेल्यावर घेऊ नका, कारण त्यांच्या अंगांनी खोलीचा घुमारा बदललेला असतो. टेकच्या वेळी दिवे गुणगुणत असतील तर ते चालूच ठेवा. फ्रिज बंद केला असेल तर गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवा. परत चालू करायला विसरणार नाही.

संकलनात पाच सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडू नका. त्यातली एखादी टिकटिक ठरावीक वेळाने येते आणि कान ती पकडतो. २०-३० सेकंदांचे तुकडे घ्या, जोड अर्धा-एक सेकंदाच्या फेडने मिसळा. आणि शांतता जाणवायला हवी असेल तर तिच्या आधी काहीतरी चालू असू द्या : घड्याळ, पंखा, लांबचा रस्ता. प्रसंगाच्या नेमक्या जागी ते काढून घ्या. नुसती कमी पातळी कोणाच्या ध्यानात येत नाही, पातळीतला उतार येतो.

प्रश्न : वीज गेली की घर एकदम वेगळंच का वाटतं? तेव्हा तर फक्त फ्रिज आणि पंखाच बंद होतात.

उत्तर : शेजाऱ्यांचेही होतात. ५० सायकलच्या विजेवर चालणारी मोटर, ट्रान्सफॉर्मर, चार्जर यांतून मुख्यतः १०० हर्ट्‌झची आणि तिच्या पटीतली गुणगुण येत असते. ती न बदलणारी असल्यामुळे मेंदू तिची दखल घेणं सोडतो, आणि सगळी एका क्षणात थांबली की तिचं असणं कळतं.

प्रश्न : फोनवर समोरचा गप्प झाला की ‘ऐकू येतंय ना?’ असं विचारावंसं वाटतं. समोरासमोर तेवढीच शांतता खटकत नाही. व्हिडिओ मीटिंगमध्ये तर फारच अवघडल्यासारखं होतं.

उत्तर : समोरासमोर शांततेत श्वास, चेहरा, खुर्चीची हालचाल असते; माणूस विचार करतोय हे दिसतं. मोबाइलवर कोणी बोलत नसेल तर यंत्रणा आवाज पाठवणं जवळपास थांबवते आणि लाइन तुटली असं वाटू नये म्हणून ऐकणाऱ्याच्या बाजूला मुद्दाम बारीक खसखस भरते. तिला कम्फर्ट नॉइज म्हणतात. मीटिंगची अ‍ॅप्स नॉइज सप्रेशनने खोलीचा आवाज पार पुसतात, त्यामुळे तिथली शांतता मेलेली वाटते.

दुसरं कारण विलंबाचं. वेगवेगळ्या दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना २००९ साली प्रसिद्ध झाली. एकाचं संपल्यावर दुसऱ्याने सुरू करेपर्यंत सरासरी साधारण २०० मिलिसेकंद जातात असं त्यात दिसलं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत हवा असं आहे. तेवढा असला तरी जाऊन-येऊन ३०० मिलिसेकंदांची भर पडते, म्हणजे चटकन दिलेलं उत्तरही कचरत दिल्यासारखं पोचतं. मग दोघंही एकदम बोलू लागतात आणि दोघंही थांबतात.

अ‍ॅपमध्ये नॉइज सप्रेशन ‘लो’ वर ठेवा, हेडफोन वापरा, वायफायऐवजी केबल जोडता आली तर जोडा. ब्लूटूथ हेडसेट विलंबात आणखी भर घालतो, म्हणून महत्त्वाच्या बोलण्याला तारेचा घ्या. प्रश्न विचारल्यावर पूर्ण दोन सेकंद थांबा. आणि चार-पाच जणच असतील तर सगळ्यांनी म्यूट काढून बसा, खोल्यांचे आवाज एकमेकांना ऐकू जाऊ द्या.